पाठमोरं पोर

मी ब्लाउज शिवते. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. दोन मशिनं, कटिंगचं टेबल आणि समोरासमोरच्या भिंतींना लावलेले दोन आरसे. दुसरा आरसा मी मुद्दाम लावून घेतला. हल्ली बायकांचं सगळं लक्ष पाठीच्या गळ्यावर असतं, आणि पाठ तर ज्याची त्याला दिसत नाही. दोन आरशांच्या मध्ये उभं राहून मान वाकडी केली की दिसते. दिसली की बाई आधी गप्प होते आणि मग विचारते, "मी मागून एवढी रुंद आहे होय?" यावर काय बोलावं हे मला अजून कळलेलं नाही. मी टाचण्या ओठात धरून ठेवते, म्हणजे बोलावं लागत नाही.

सांगायचं कारण एवढंच की माणसं पाठीवरून ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही. रस्त्यात पुढं चाललेल्या बाईचा डावा खांदा उतरता दिसला की ती कोण, तिच्या बाहीला किती सैल सोडावं लागतं, सगळं मला आठवतं. या गोष्टीचा मला जरा ताठाच होता म्हणा ना. तो या जानेवारीत उतरला, आणि तोही एका गेममुळे.

मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी प्रोजेक्ट म्हणून एक गेम तयार केला. गेम म्हणजे काय, तर एक गल्ली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. मध्ये मोटारसायकली येतात, भाजीची गाडी आडवी असते, एक कुत्रं पसरलेलं असतं. धक्का लागला की परत पहिल्यापासून सुरुवात. मी म्हटलं, "हे तर मी रोज करते. याला लॅपटॉप कशाला पाहिजे?"

"मम्मी, गल्ली महत्त्वाची नाही. कॅमेरा महत्त्वाचा आहे," ती म्हणाली. गल्ली एकच ठेवून त्यांनी ती दोन कॅमेऱ्यांतून दाखवली होती. एकात आपण गल्लीतल्या माणसाच्या डोळ्यांतून बघतो. दुसऱ्यात तो माणूस आपल्याला पाठमोरा दिसतो आणि कॅमेरा त्याच्या मागून, चार पावलं अंतर ठेवून चालतो. पहिल्याला म्हणे फर्स्ट पर्सन म्हणायचं, दुसऱ्याला थर्ड पर्सन. मी आपल्या सोयीसाठी एकाला डोळ्यातला म्हणायला लागले आणि दुसऱ्याला पाठीवरचा. कुठल्या कॅमेऱ्यात माणूस जास्त रमतो, गल्लीत आपणच आहोत असं कशात वाटतं, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी गेम कधीच न खेळलेली माणसं पाहिजे होती. घरात अशी दोन होती, पण तिच्या बापानं "माझी मॅच चालू आहे" म्हणून अंग काढून घेतलं. राहिले मी.

आधी डोळ्यातला लावला. समोर गल्ली आली. मी पहिल्यांदा खाली पाहिलं. सवय आहे ती, आमच्या गल्लीत आधी खाली बघूनच पाऊल टाकायचं असतं. खाली रस्ता होता, पण पाय नव्हते.

"माझे पाय कुठं गेले?"

"पाय नाही केले. वेळ नव्हता. तू चाल की पुढं."

बिनपायाची मी निघाले. उजवीकडं वळायला गेले तर अख्खी गल्ली गर्रकन फिरली. भाजीच्या गाडीला धडकले, मग भिंतीला, मग परत गाडीला. माझं अंग कुठं संपतं तेच कळेना. किती जागा सोडायची हे ठरवायला आपण केवढे आहोत ते माहीत पाहिजे, आणि इथं तर मी नव्हतेच. समोरून मोटारसायकल आली तेव्हा मात्र खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात तोंडापुढं धरले. थोड्या वेळानं मळमळायला लागलं. लिंबू चोखलं तेव्हा बरं वाटलं.

मग पाठीवरचा लावला. पांढरा शर्ट घातलेला एक माणूस पाठमोरा उभा होता. "बाई का नाही केलीत गं?" मी विचारलं. "फुकटात हाच मिळाला," ती म्हणाली. उभ्या उभ्या त्याचे खांदे श्वासासरशी वरखाली होत होते, मधूनच तो या पायावरचा भार त्या पायावर टाकत होता. त्याला मी अगदी झोकात नेलं. कोपर कुठं लागतंय, बाजूनं काय येतंय, सगळं दिसत होतं. कुत्र्याला वळसा घातला, गाडीच्या कडेनं काढलं. शेवटी एका मोटारसायकलनं त्याला उडवलंच, तेव्हा मी "आई गं" म्हणून स्वतःचा गुडघा धरला.

"आता सांग," मुलगी म्हणाली. "कशात जास्त आत गेल्यासारखं वाटलं?"

मी म्हटलं, डोळ्यातल्यात. कारण तिथं हात तोंडापुढं गेले. मग म्हटलं, नाही, पाठीवरच्यात, कारण तिथं गुडघा दुखला. मग वाटलं, डोळ्यातल्यात मला स्वतःची काळजी वाटलीच नाही, भिंतीचीच वाटली. पाठीवरच्यात त्याची वाटली. पण तो म्हणजे मी होते का? मी असते तर मला माझी पाठ दिसली कशी असती? आणि मी नव्हते तर माझा गुडघा का दुखला? हे सगळं मी तिला बोलून दाखवलं. ती वैतागली.

"मम्मी, लई लोड घेऊ नको. सोपं आहे. डोळ्यांतून दिसतंय तर ती तू. पाठमोरं दिसतंय तर ते दुसरं कुणीतरी, आणि तू त्याच्या मागं चाललीयेस."

ती सहज बोलून गेली आणि लॅपटॉप उचलून आत गेली. मी मशिनवर बसले. एका गळ्याला पायपिंग लावायचं होतं. ते हातानं होतं, डोकं रिकामं राहतं, आणि रिकाम्या डोक्यात काय येईल त्याचा नेम नाही. माझ्या डोक्यात अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. गिरणीत होते. मी पहिलीत असताना छातीत कळ आली आणि गेले. त्यांचा लग्नातला एक फोटो आहे, त्यात ते कुणाचे तरी कपडे घालून अवघडून उभे आहेत. बाकी सगळं ऐकीव. त्यांना तिखट चालायचं नाही, ते कमी बोलायचे, ते शिट्टी छान वाजवायचे. ऐकीव गोष्टींवर माया करता येते, पण ती उसनी वाटत राहते. माझी स्वतःची म्हणून त्यांची एकच आठवण आहे. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला आम्ही सोलापूरकर गड्डा म्हणतो. त्या गड्ड्यात, होम मैदानावर, गर्दीत अण्णांनी मला खांद्यावर घेतलं आहे. दिव्यांच्या माळा आहेत, धूळ आहे, लांब उंच पाळणा फिरतो आहे. अण्णांचा पांढरा शर्ट. माझ्या डोक्याला किरमिजी माकडटोपी. एका हातानं मी त्यांचे केस धरले आहेत. एवढंच.

ही आठवण मी आयुष्यभर वापरली आहे. शाळेत पोरी बापाविषयी बोलायला लागल्या की मी ही काढायची. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला सांगितली, मुलगी झाली तेव्हा तिला. बाप लवकर गेला, पण मला खांद्यावर घेऊन गेला, असं म्हणता येत होतं.

पायपिंग लावता लावता माझ्या लक्षात आलं की या आठवणीत मला टोपी मागून दिसते. अण्णांचा शर्टही मागून. केस धरलेला हातही मागून. चार पावलांवरून.

मी मशिन थांबवलं. डोळे मिटून खांद्यावर चढायचा प्रयत्न केला. वरून खाली बघितलं तर काय दिसायला पाहिजे? अण्णांचा भोवरा, कपाळ, माझे लोंबणारे पाय. काहीच येईना. आली ती मुलीची गल्ली, बिनपायाची.

मग मी दुसऱ्या आठवणी काढून बघितल्या, मटकीतून खडे निवडावेत तशा. शाळेचा पहिला दिवस आतून दिसला. बाईंची टाच, फळ्याखालची खडूची पूड, सगळं माझ्या उंचीवरून. जिन्यावरून पडले ते आतून दिसलं. माझं लग्न बाहेरून दिसलं, मुंडावळ्यांसकट. पण त्याची कॅसेट आहे आणि ती सासरच्यांनी येईल त्या पाहुण्याला दाखवली होती, तेव्हा ते कॅसेटमधलंच. म्हणजे बाहेरून दिसणारं कुणीतरी आपल्याला दाखवलेलं असतं, असा मी नियम केला आणि जरा हुशारी वाटली. तेवढ्यात सायकल शिकतानाची आठवण आली. दोन वेण्यांची एक पोर झोकांड्या खात चाललेली मला लांबून दिसली. ती मीच, आणि तेव्हा कॅमेरा कुणाच्या बापाकडं नव्हता. नियम तिथंच मोडला.

संध्याकाळी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "असं दिसतं कधी कधी. म्हणजे ते खोटंच असतं असं काही नाही."

"दुपारी तर म्हणालीस, पाठमोरं दिसतं ते दुसरं कुणीतरी."

"ते गेमबद्दल होतं गं."

गेमबद्दल होतं ते ठीक. पण ते माझ्या डोक्यात शिरलं होतं आणि निघत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एका बाईच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. गिऱ्हाईक चांगलं होतं म्हणून निभावलं, कापड आणून परत शिवून दिलं. मला आतून भीती वाटत होती. ते खांद्यावरचं पोर मी नसेन, तर अण्णा माझ्याकडं काहीच उरत नव्हते.

आम्ही दोघंच भावंडं. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, माळशिरसकडं साखर कारखान्यात आहे, आणि आई त्याच्याकडं असते. मी त्याला फोन लावला. गाळपाचे दिवस, मागं यंत्रांचा आवाज. इकडचं तिकडचं बोलून मी गड्ड्याचा विषय काढला. अण्णांनी खांद्यावर घेतलेलं त्याला आठवतं का, असं विचारलं.

"न आठवायला काय झालं? तेवढंच तर आठवतंय," तो म्हणाला. "पाळण्याकडं चालले होते मला घेऊन."

"तुला?"

"मग कुणाला?"

"अरे, मी होते खांद्यावर. किरमिजी टोपी."

"आक्का, टोपी मोरपंखी होती. आणि मी होतो. तू मोठी, घोड्याएवढी, तुला कशाला उचलतील?"

मी तेव्हा घोड्याएवढी नव्हते. पण ते मी सोडून दिलं. मी विचारलं, "तुला कसं दिसतं ते? वरून का मागून?"

यंत्रांचा आवाज तेवढा येत राहिला. "मागनं," तो म्हणाला.

"मग तू मागं होतास. म्हणून तुला मागून दिसतंय."

"आणि तुला?"

"मलाही मागूनच."

"मग तूच होतीस मागं, झालं तर," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. मग तो म्हणाला, "आक्का, हे तू नसतं उकरून काढलंस. माझ्यापाशी तरी दुसरं काय हाय त्यांचं?" कारखान्यातली त्याची पाळी सुरू व्हायची होती, म्हणून त्यानं फोन ठेवला.

मला त्याची कीव आली आणि रागही आला. दोन भावंडं आणि एकच खांदा. दोघंही मागं, तर खांद्यावर कोण? शेजाऱ्याचं पोर? आत्याचा मुलगा? की खांद्यावर कुणीच नव्हतं? पाठीवरून माणसं ओळखणारी मी, मला त्या माकडटोपीतल्या पोराची पाठ ओळखता येईना. मी दिवसातून कितीदा तरी तिथं जाऊन बघत होते. टोपीनं मान झाकलेली. खांदे स्वेटरात. पोरगा की पोरगी, काही म्हणता काही कळत नव्हतं. आणि जितकं जास्त बघावं तितकी टोपी कधी किरमिजी, कधी मोरपंखी दिसायला लागली. भावाचा रंग माझ्या आठवणीत कसा शिरला ते देवाला ठाऊक.

एक उपाय उरला होता, आई. तिला फोनवर विचारायचं धाडस झालं नाही. फोनवर ती नुसती "व्हय, व्हय" करते आणि तिसऱ्याच कुणाच्या तरी तब्येतीचं सांगते. ती संक्रांतीला चार दिवस येणार होती.

आली ती तिळाचे लाडू, शेंगाची चटणी आणि गुडघेदुखीच्या तक्रारी घेऊन आली. दोन दिवस मी विचारलं नाही. तिच्या पाठीमागून घरात फिरत राहिले. विचारलं आणि ती "भाऊच होता" म्हणाली तर? वाण देताना, हळदीकुंकू लावताना, मनात तेवढंच. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलीनं आपणहून आजीला लॅपटॉपसमोर बसवलं. गेम कधीच न खेळलेलं आणखी एक माणूस तिला मिळालं होतं. मी पलीकडं हुक लावत बसले होते.

डोळ्यातला कॅमेरा आईला मुळीच चालला नाही. "अगं, गल्ली अंगावर येतीया माझ्या," म्हणून तिनं डोळ्यांवर पदर घेतला. मुलीनं घाईनं पाठीवरचा लावला. पांढऱ्या शर्टातला माणूस आला आणि खांदे वरखाली करत उभा राहिला. मुलीनं तिला बाणाचं बटण दाखवलं. "आज्जी, हे दाबलं की पुढं जायचं."

आईनं बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. ती बघत बसली. तो माणूस उभा, आई बसलेली. बराच वेळ गेला.

"आज्जी, चाल की."

"त्यो कुटं चाललाय अजून? त्यो चालला की मी चालते."

"अगं, तू बटण दाबलंस की तो चालतो."

"दमला आसंल. बघ की कसा धापा टाकतोय. थांबू दे जरा."

मुलगी हसायला लागली. "आज्जी, तो म्हणजे तूच आहेस."

"मी?" आईनं तिच्याकडं असं बघितलं, जणू पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. "मी बाप्या कशी आसंन? मी हितं मागं हाय की."

माझ्या हातातली सुई थांबली. मुलगी अजून हसत होती. तिच्या प्रोजेक्टसाठी ही गंमतच होती, आणि ती "मागं म्हणजे कुठं मागं?" म्हणून खोदून विचारायला लागली. आई सांगत होती, "मागं म्हंजी मागं. आमी काय तुमच्यागत बरुबरीनं चालत हुतो व्हय? तुझा आजा पुडं, मी मागं. कुणी सांगितलं न्हवतं. त्येंची ढांग मोठी, माज्या हातात पिशवी. गड्ड्यात तर पाठ सोडली की हरवलंच समज. शर्टावरनं नजर हलवायची न्हाय."

मी उठून तिच्याशेजारी बसले. आता विचारलं नसतं तर कधीच विचारलं नसतं.

"आई, गड्ड्यात अण्णांच्या खांद्यावर कोण होतं?"

"तूच की," ती लगेच म्हणाली.

एक क्षण मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. पण भावाचा आवाज कानात होता. मी म्हटलं, "तो तर म्हणतो, खांद्यावर तोच होता. त्यालाही तूच सांगितलंस का?"

तिनं बटणावरचं बोट उचललं. मग म्हणाली, "त्येनं इचारलं तवा त्यो. तू इचारलं तवा तू. लई रडायचा तुमी दोगं, ते गेल्यावर. रोज रात्री गोष्ट लागायची. दुसरी गोष्ट कुटनं आणू?"

"मग खरं कोण होतं?"

"हुतं तुमच्यातलंच कोनतरी. दुसरं माज्या कडंवर हुतं."

"कोण कडेवर होतं?"

ती आठवायला लागली. खरोखर आठवत होती, मला दिसत होतं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. मुलगीही आता हसत नव्हती.

"न्हाय गं येत," आई म्हणाली. "पोराकडं कुटं बघितलं मी? मी त्येंच्याकडं बघत हुते." तिनं स्वतःच्या मानेच्या मागं हात नेला. "सकाळीच केस कापून आलते. न्हाव्यानं लावल्याली पावडर तशीच हुती हितं, मानंवर. पांढरी. शर्टात उतरली हुती जराशी. सारकं वाटत हुतं, पुसावी. पदरानं पुसली आसती तर झालं आसतं. पर चारचौगांत हात कसा लावायचा? घरी गेल्यावर पुसू म्हनलं. घरी गेल्यावर तुमी पेंगत हुता, तुमाला निजवण्यात त्ये राहूनच गेलं."

मला रडू आलं. रागही आला, कुणाचा ते सांगता येत नाही. इतकी वर्षं मी आणि भाऊ ज्या खांद्यासाठी भांडायला तयार होतो, त्याचं दृश्य आमचं दोघांचंही नव्हतं. मागून चार पावलांवरून चालणारी बाई हीच होती. तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं आम्हाला रात्री अंथरुणात दिलं, आणि पोरांना बरं वाटावं म्हणून त्यात खांद्यावर कधी मला बसवलं, कधी त्याला. स्वतःला ती त्यात कुठं दिसतच नव्हती. आणि आम्ही दोघांनी मिळून एकदाही तिला विचारलं नव्हतं की, तू कुठं होतीस?

भावाला मी अजून हे सांगितलेलं नाही. सांगावं की नाही कळत नाही. त्याची मोरपंखी टोपी त्याच्यापाशी राहू द्यावी असं एकदा वाटतं, आणि एकदा वाटतं की त्यालाही ती पावडर कळली पाहिजे. माझ्या आठवणीत ती त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत येऊन बसली होती, जणू पहिल्यापासून तिथंच होती. आता डोळे मिटले की मला टोपी दिसते ती नुसती जाता जाता. नजर खाली, मानेवर जाते. तिथं हात लावावासा वाटतो. हे वाटणं माझं की आईचं, ते मी आता मुलीला विचारणार नाही.

त्या दुपारी मात्र आईनंच विषय मोडला. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, आणि परत लॅपटॉपकडं वळली. तो माणूस तसाच पाठमोरा उभा होता, खांदे वरखाली करत. तिचं बोट अजून बटणाजवळ होतं, पण ती ते दाबेना. मी तिचा हात हळूच बाजूला केला आणि बटण मी दाबलं. तो चालायला लागला. गल्ली पुढं सरकायला लागली आणि आई खुर्चीत पुढं झुकली.

"हळू चालव की त्येंना," ती म्हणाली. "मला गाठू दे."